व्यासंगाचा वेळ येतो कोठून?

‘काय करणार, वेळच मिळत नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारतो की, त्याच्या अर्थाकडे आपले लक्षच जात नाही. वेळ ही काही रस्त्यावर सापडणारी वस्तू नव्हे. दिवसाचे चोवीस तास आधीच वाटले गेलेले असतात. काही शाळेने अथवा कचेरीने घेतलेले असतात, काही स्वयंपाकघराने, काही निद्रेने, काही मुलाबाळांनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी. एखादी नवी भाषा शिकावयाची किंवा शरीर कसावयाचे, म्हणून जो तास आपण काढतो, तो ह्यांपैकी कोणाच्या तरी वाट्यातला असतो. तो नेमका कोणाच्या वाट्यातला, हे पाहण्याचा आज माझा हेतू आहे. नोकरी पूर्ण वेळेची, तिच्या जोडीला परभाषेचा अभ्यास, जमेल तेव्हा प्रवास आणि लांब पल्ल्याच्या व्यायामाची तयारी, इतके सर्व एकदम करू पाहणारी माणसे हल्ली आपल्या लहानमोठ्या गावांतूनही दिसू लागली आहेत. बेळगावातली, चाळिशी उलटलेली एक शाळाशिक्षिका, म्हणजे मी, त्यांतलीच एक आहे.

विषय मोठा आहे. म्हणून एकच उदाहरण घेते. फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी ऑगस्ट महिन्यात एक सायकलफेरी होते. पॅरिसच्या परिसरातून निघावयाचे, पश्चिमेस अटलांटिक समुद्राच्या काठी असलेल्या ब्रेस्त ह्या बंदरापर्यंत जावयाचे आणि त्याच मुलखातून परत यावयाचे. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आणि मर्यादा नव्वद तासांची, म्हणजे तीन दिवस आणि अठरा तास. झोपणे, जेवणे, पंक्चर काढणे, सारे ह्या नव्वद तासांतच. ‘ल पेती जूर्नाल’ ह्या वृत्तपत्राच्या प्येर जिफार नावाच्या संपादकाने १८९१ मध्ये ही प्रथम भरविली, तेव्हा ती शर्यत होती. शार्ल तेराँ हा ती सुमारे एकाहत्तर तासांत जिंकला. तो जवळजवळ न झोपताच धावला होता. पुढे १९३१ पासून हौशी लोकांसाठी वेगळी फेरी सुरू झाली आणि त्या पहिल्याच हौशी फेरीत स्त्रियाही होत्या. शर्यत १९५१ नंतर बंद पडली. फेरी मात्र चालू राहिली. तीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचलेल्या प्रत्येकाचा मान सारखाच. २०२३ मध्ये सहा हजारांहून अधिक माणसे तीत उतरली होती. आता पुढची फेरी २०२७ मध्ये आहे.

ह्या फेरीत भाग घेणारे बहुतेक लोक नोकरदार असतात. त्यांत पोस्टमन असतात, दंतवैद्य असतात, शिक्षक असतात. नाव नोंदविण्यापूर्वी त्याच वर्षात चार लहान सफरी पुऱ्या कराव्या लागतात: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत. ह्या सफरींना सायकलवाले ‘ब्रेव्हे’ म्हणतात आणि त्या आता भारतातही अनेक शहरांतून होतात. दोनशे म्हणजे बेळगावहून हुबळीस जाऊन परत येणे. सहाशे म्हणजे साताऱ्याच्या पुढे खंबाटकीचा घाट ओलांडून जावयाचे आणि तितकेच पुन्हा परतावयाचे. वेग फार लागत नाही. ताशी पंधरा किलोमीटर, म्हणजे आमच्या गल्लीतला दूधवालाही सहज राखील असा. कठीण आहे ते तो वेग रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही राखणे. त्यासाठी लागणारी शक्ती दोन महिन्यांत येत नाही. ती वर्षानुवर्षे, थोडी थोडी वाढवीत न्यावी लागते. भारतातून २०१९ च्या फेरीस शेकडो लोक गेले होते आणि त्यांतील पुष्कळांना नव्वद तासांची मर्यादा गाठता आली नाही. आपल्याकडच्या सरळ महामार्गावर तयार झालेल्या पायांना तिकडचा सतत चढउताराचा रस्ता आणि रात्रीची थंडी अवघड जाते. बाराशे किलोमीटरांत मिळून सुमारे बारा हजार मीटरांची चढण आहे. त्या मानाने चोर्ल्याचा घाट एकदा चढून आलेल्या माणसाने फार आनंदून जाऊ नये.

आता भाषा. कोणी म्हणेल, सायकल चालवावयास फ्रेंच कशाला? नुसती चालवावयास नको, हे खरे. परंतु ज्या मुलखातून तीन दिवस-रात्री जावयाचे, तेथील खेडुतांशी दोन शब्द बोलता येऊ नयेत, ही कल्पना भाषेवर पोट भरणाऱ्या माणसाला कशीशीच वाटते. त्या रस्त्यावरील गावकरी घरापुढे टेबल मांडून परक्या माणसांना पाणी, कॉफी, धिरड्यासारखे पातळ ‘क्रेप’ देत रात्र रात्र बसतात आणि पैसे घेत नाहीत. त्यांना नुसते मान हलवून दाखवावयाचे?

मी २०२३ मध्ये ती फेरी संपल्यावर फ्रेंच शिकण्यास आरंभ केला आणि आधी हिशेब मांडला. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याची एक भाषाशाळा आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला फ्रेंच कामकाजापुरती यावयास सहाशे ते साडेसातशे तासांचे वर्ग लागतात, असा तिचा अनुभव. रोज अर्धा तास धरला तर वर्षाचे सुमारे एकशे ब्यांशी तास होतात. चार वर्षांचे सातशे तीस. एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत चारच वर्षे असतात! हा हिशेब पाहून मला जो धीर आला, तो कोणत्याही उपदेशाने आला नसता. अर्ध्या तासाची सवड दूरदर्शनसंचापुढे अथवा मोबाईलपुढे बसणाऱ्या कोणालाही मिळू शकते. पण तो अर्धा तास रोजचा हवा. रविवारी साडेतीन तास एकदम बसून तेच फळ मिळत नाही. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःच्याच स्मृतीवर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत पुनःपुन्हा घोकण्यापेक्षा मध्ये काळ जाऊ देऊन केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्याने दाखविले. पायांच्या स्नायूंचाही कायदा जवळजवळ हाच आहे. व्यायामाने स्नायू थकतो. त्याची बळकटी नंतरच्या विश्रांतीत येते.

आणि येथेच पुष्कळांचा हिशेब बिघडतो. ज्याला नोकरीही करावयाची आहे आणि व्यासंगही, तो पहिला तास निद्रेकडून घेतो. कारण निद्रा तक्रार करीत नाही. अधिकारी तक्रार करतो, नवरा करतो, मुले करतात; झोप बिचारी गप्प राहते. परंतु दिवसा शिकलेले शब्द डोक्यात रुजण्याचे काम झोपेत चालते आणि शरीराची डागडुजीही मुख्यतः झोपेतच होते. म्हणजे पहाटे तीनला उठून भाषा शिकणारा आणि सायकल चालविणारा मनुष्य एका हाताने पेरतो आणि दुसऱ्या हाताने उपटतो. शिवाय त्याच दिवशी त्याला पन्नास मुलांसमोर उभे राहून व्याकरण शिकवावयाचे असते. अपुऱ्या झोपेचा शिक्षक चिडखोर असतो, हे मुलांना त्याच्या आधी कळते. माझ्या घरी रात्री पावणेदहाला दिवा मालवला जातो आणि साडेचारला उठावयाचे असते. पावणेसात तासांची झोप ही माझी पहिली अट आहे. इतर सर्व गोष्टी तिच्या खालोखाल.

ह्या बाबतीत दोन भाषाभ्यासकांची आठवण होते. एक हाइनरिख श्लीमान, पुढे ज्याने ट्रॉयचे अवशेष खणून काढले तो. विशीत तो ॲम्स्टरडॅममध्ये एका व्यापारी पेढीवर हरकाम्या होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे, निरोप पोहोचविण्यास जाताना तो हाती पुस्तक ठेवी, टपालकचेरीत ताटकळावे लागले तर तेथेही वाची, निम्मे वेतन शिक्षणावर घालवी. आणि अशा रीतीने त्याने सहा महिन्यांत इंग्रजी व पुढच्या सहा महिन्यांत फ्रेंच हस्तगत केली. त्याच्या आत्मवृत्तावर विद्वानांचा फारसा विश्वास नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वतःविषयी लिहिताना तो रंग भरीत असे. तरीही रिकामे क्षण वेचण्याची त्याची रीत घेण्यासारखी आहे. दुसरे आपल्याच भागातले, फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास उतरला. साष्टीतल्या गावांची कामे सांभाळून तो येथील भाषा शिकत राहिला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले. मध्ये सदतीस वर्षे गेली. त्याने कोणाकडून उसना वेळ घेतल्याचे दिसत नाही; त्याचे रोजचे कामच त्या भाषेतून चालले होते. मला स्वतःला श्लीमानपेक्षा स्टीफन्स जवळचा वाटतो. कामातच अभ्यास मिसळता आला, तर वेगळा तास मागावा लागत नाही.

सायकलीलाही हे लागू पडते. माझी शाळा घरापासून नऊ किलोमीटरांवर आहे. जाण्यायेण्याचे अठरा किलोमीटर मी सायकलीने करते. रिक्षाने अथवा बसने गेले असते, तरी तितकाच वेळ मोडला असता. हा व्यायाम कोणाच्याच वाट्यातून घेतलेला नाही. उलट महिन्याचे भाडे वाचते. वाटेत मी फ्रेंच क्रियापदे मनाशी चालवते. कानांत यंत्र घालून सायकल चालविणे मात्र मला मान्य नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू आला पाहिजे, आणि आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांचीही चाहूल लागली पाहिजे.

तरीही अठरा किलोमीटरांवर बाराशेची तयारी होत नाही, हे उघड आहे. लांब सफरी कराव्याच लागतात, आणि तेथे दिवसाची वाटणी करून भागत नाही. माझ्या मते अशा माणसाने दिवस न वाटता वर्ष वाटावे. बेळगावचा पाऊस आपणास ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला धुके आणि पाणी ह्यांखेरीज काही दिसत नाही. ते चार महिने मी भाषेला दिले आहेत. तेव्हा रोजचा अर्धा तास तासावर जातो आणि सायकल शाळेपुरती उरते. दसऱ्याच्या सुटीपासून फेब्रुवारीपर्यंत सफरींचा हंगाम. तेव्हा फ्रेंच केवळ उजळणीपुरते. मार्च-एप्रिल दहावीच्या परीक्षेचे. त्या काळात दोन्हींनी गप्प बसावयाचे. विद्यार्थ्यांच्या वर्षातला शेवटचा महिना माझ्या छंदाच्या उपयोगी पडण्यासाठी नसतो. प्रवास मे महिन्यात. चारही गोष्टी रोज समप्रमाणात करण्याचा आग्रह धरणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची वेळापत्रके फार सुंदर असतात आणि भिंतीवरच राहतात.

आता घराविषयी, आणि खरे तर मला आज मुख्यतः ह्याविषयीच बोलावयाचे होते.

रविवारी पहाटे पाचला सायकलीवर निघालेला पुरुष परत येतो, तेव्हा त्याच्यासाठी गरम पाणी तापलेले असते आणि जेवण झाकून ठेवलेले असते. तो सांगतो, मी वेळ काढतो. त्याचा वेळ कोणी काढून दिला, हे त्याच्या लक्षात येत नाही. वृत्तपत्रांतून अशा खेळाडूंच्या ज्या हकीकती छापून येतात, त्यांत किलोमीटर असतात, तास असतात, पदकाचे छायाचित्र असते. घरी राहून मुलांचा अभ्यास घेणाऱ्या माणसाचा उल्लेख नसतो. घरातली बाईच निघाली की हा वाटा लपत नाही. सकाळचा चहा कोण करील, हा प्रश्न मग मोठ्याने विचारावा लागतो. तो मोठ्याने विचारला जातो, हे मी चांगलेच मानते. आमच्या घरी तो विचारला गेला, आणि त्यावर पंधरा दिवस बोलणे चालले. अखेर ठरले ते असे: महिन्यातून दोनच लांब सफरी. त्या दिवशी स्वयंपाक यजमान आणि थोरली मुलगी करतील. त्याच्या मोबदल्यात बुधवारची आणि शुक्रवारची संध्याकाळ पूर्ण माझ्याकडे. त्या वेळी पुस्तकही उघडावयाचे नाही. आम्ही कॅथलिक, रविवारची मिस्सा कोणत्याही सफरीसाठी चुकवावयाची नाही. सफर रविवारी असेल तर शनिवारी सायंकाळच्या मिस्सेला सर्वांनी मिळून जावयाचे. ह्या कराराने माझे काही किलोमीटर गेले. परंतु त्यानंतर मी निघते तेव्हा दाराशी कोणी तोंड फिरवून उभे नसते, आणि तीनशे किलोमीटरांच्या रात्री ही गोष्ट पायांतील बळाइतकीच उपयोगी पडते.

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते: इतकीच आवड असेल, तर नोकरी सोडून का जात नाही? तशी माणसेही झाली आहेत. मुंबईहून १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांतील हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ मध्ये परतले. त्यांच्या साहसापुढे मान लवते. पण ते तरुण होते. चाळिशीच्या माणसाचे वेतन त्याच्या एकट्याचे नसते. शिवाय मला शिकविणे आवडते, हे कारण कोणी का धरीत नाही, न कळे! नोकरी ही व्यासंगाच्या वाटेतली धोंड आहे, असे हल्ली फार बोलले जाते. माझ्या अनुभवाने ती वाटेतली सावली आहे. सहाशे किलोमीटरांच्या सफरीनंतर सोमवारी सकाळी सातवीचा वर्ग समोर असतो, तेव्हा मन आपोआप जमिनीवर येते. भाषेच्या बाबतीत तर लाभच झाला. आमच्या वर्गात कन्नड, कोंकणी, उर्दू घरी बोलणारी मुले आहेत आणि मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून मी त्यांना पूर्वी बोलत असे, तितके आता बोलत नाही. चाळिसाव्या वर्षी फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी हे पाठ करावे लागले, म्हणजे दुसऱ्याची अडचण नीट दिसते.

खर्चाचे थोडक्यात सांगते. विमानभाडे, व्हिसा, सायकल खोक्यात घालून नेण्याचा आकार, राहणे, हे सर्व मिळून दोन लाखांच्या पुढे जाते. त्यासाठी वेगळे खाते उघडले आहे. ऑगस्ट हा शाळेच्या ऐन भराचा महिना असल्याने दोन आठवड्यांची बिनपगारी रजा लागेल. ती मिळेल की नाही, हे अजून ठरावयाचे आहे. सहशिक्षिकांशी बोलून मी त्यांचे तास पुढे-मागे घेण्याचे ठरविले आहे. म्हणजे येथेही वाटणी आलीच. रजा न मिळाल्यास २०२७ ची फेरी माझ्यावाचून होईल. त्यातून शिकलेली भाषा परत घेता येत नाही, इतके खरे.

तयारीतील शेवटची गोष्ट झोपेचीच आहे. फेरीच्या वाटेवरील लुदेआक वगैरे गावांतून शाळांच्या सभागृहांत खाटा मांडलेल्या असतात. थोडे पैसे भरावयाचे आणि किती वाजता उठवावे, हे तेथील स्वयंसेवकाला सांगावयाचे. तो बरोबर त्या वेळी येऊन खांदा हलवितो. तेव्हा मला सर्वांत प्रथम पाठ करावे लागले ते आकडे. आणि फ्रेंच आकडे विचित्र. सत्तरला स्वतंत्र शब्द नाही, साठ-दहा म्हणावयाचे. ऐंशी म्हणजे चार-वीस. नव्वद म्हणजे ‘कात्र-वें-दिस’, चार-वीस-दहा. एकदा रात्री जेवणानंतर मी हे मोठ्याने पाठ करीत असता सासूबाई ऐकत होत्या. त्या आजऱ्याकडच्या, आयुष्यभर त्यांनी नारळ आणि शेणी विसांवरच मोजल्या. मी अर्थ सांगताच त्या म्हणाल्या, ‘‘मग त्यात कठीण काय गं? चार विसा नि दहा. आमच्या बाजारात सगळ्या बाया असंच मोजत होत्या.’’ तेव्हापासून फ्रेंच आकड्यांची उजळणी त्याच घेतात. मी फ्रेंचमध्ये म्हणावयाचे आणि त्यांनी विसा मोजून ते बरोबर आहे की नाही ते सांगावयाचे. त्या पंधरा मिनिटांत आमच्या दोघींचेही काम होते: त्यांच्या गुडघ्यांना मी तेल चोळीत असते.